निचऱ्याची नळी

सोहारला शुक्रवारीच रविवार असतो.
सकाळी मल्याळी, मग तागालोग, मग तेलुगू,
आणि दुपारी दोनला, रस्ता भाजत असताना,
आमची मराठी मंडळी : सतरा माणसं, एक ढोलकी,
पाळक नाहीत म्हणून लोंढेमामा,
बंदरावरचे क्रेनवाले, आवाज कायमचा बसलेला.

मार्चपासून मी आत बसत नाही.
हत्यारांची पिशवी घेऊन येतो,
म्हणजे कुणी विचारत नाही.

मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.
श्रीरामपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत अकरा दिवस.
पासपोर्ट अरबाबच्या कपाटात, अरबाब उमऱ्याला.
नाव आम्ही फोनवरच ठेवलं : तामार.
इथं दुकानादुकानांत खोक्यांवर तेच लिहिलेलं असतं, तमर,
खजूर.
सतरा जणांनी गुडघे टेकले. तिकडे शुलमितानं उपास धरला,
ओली बाळंतीण असून.
बाराव्या दिवशी पेटी दुसऱ्या कुणाच्या बाळाला मिळाली
आणि ते वाचलं.
त्याच्यासाठी कुणी गुडघे टेकले होते
की नव्हतेच,
हा हिशेब मला अजून सुटत नाही.

आज आतला एसी गळतोय.
भिंतीवरून पाणी उतरत उतरत
क्रुसाच्या डाव्या हातापर्यंत ओल आलीय.
"चमत्कार!" कुणीतरी हसून म्हणालं.
मी म्हटलं, नळी तुंबलीय.

ऑगस्टची हवा म्हणजे अंगावर टाकलेली ओली गोधडी.
थंड कॉइलला टेकली की तिचं पाणी होतं.
किती अंशाला होतं, तासाला किती लिटर,
मला विचारा.
एवढंच विचारा.

मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीशी,
नळीला तोंड लावून फुंकायला
गुडघे टेकावे लागतात.
त्याला प्रार्थना म्हणू नका.
तोंडात शेवाळ, धूळ, गंजाची चव.
आत ढोलकी चुकत चुकत ताल धरतेय.
फुंकलं. परत फुंकलं. तिसऱ्यांदा मुळापासून काहीतरी सुटलं
आणि काळा चिखल भसकन माझ्या हातांवर,
मग पाणी.
ते थांबलं नव्हतंच.
इकडे वाट नव्हती म्हणून तिकडे भिंतीत मुरत होतं, एवढंच.

फरशीच्या फटीत, नळीच्या बरोबर खाली,
एक पात. ताठ, टोकाला करपलेली.
कुणीतरी थुंकलेली खजुराची बी.
कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही.
मी तिच्याकडे पाहिलं नाही असं केलं.

लोंढेमामा बाहेर आले. ताटलीत चपातीचा तुकडा,
खोकल्याच्या औषधाच्या टोपणात द्राक्षरस.
मी म्हटलं, मामा, हात काळे आहेत.
म्हणाले, दिसतंय.
म्हटलं, आत काही उरलं नाही माझ्या.
आमेनसुद्धा निघत नाही तोंडातून.
म्हणाले, आमेन मी म्हणतो.
तू तोंड उघड.

उघडलं.
काही झालं नाही. आभाळ तसंच, चुन्यासारखं पांढरं.
शेजारच्या गॅरेजात कुणीतरी टायर आपटत होतं.
तुकडा बराच वेळ जिभेवर राहिला,
शेवाळाच्या चवीखाली,
आणि विरघळला माझ्या परवानगीशिवाय.

रात्री शुलमिताला फोन लावला.
कशी आहेस?
"कृपेनं बरी आहे."
मार्चपासून ती हेच म्हणते आणि मार्चपासून
मी यावर भांडतो, किंवा फोन ठेवतो.
आज म्हटलं, जेवलीस का?
जेवले, म्हणाली. तू?
मीही थोडं खाल्लं, म्हटलं.
मग दोघंही गप्प. तिकडे पंख्याची कुरकुर,
इकडे खिडकीच्या एसीखाली
रंगाच्या रिकाम्या डब्यात टप्प, टप्प.

रोपाचं तिला सांगितलं नाही.
जगलं तर सांगेन.