तीनाक एक

लाईट सकाळपासून गेलेली,
म्हणून बर्फ सर्जेकोटच्या जेटीवरून आणला
गोणपाटात गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये.
कोळंबचा पूल येईतो निम्मा ठिबकला.
"धू गो जरा, सुरमयच्या पेटीतलो असतलो."
धुतला. वास काही पुरता गेला नाही.

आलं परसातलं, जुनं,
तंतू दातात अडकतील असं.
पाच दिवसांपूर्वी ह्यांनी ते किसून, साखर-पाणी घालून
कोकमच्या तीन रिकाम्या बाटल्यांत कोंडलं.
काल रात्री एक फुटली.
मी ताडकन उठून बसले,
वाटलं, वांदरांवर बार टाकला कुणी.
माळ्यावरून गोड पाणी टपटपतंय, खाली मुंग्यांची रांग,
आणि हे अंधारात हसतायत,
"झाली मा तयार!"

बावीस वर्षं बोटीवर.
नऊ महिने तिकडे, तीन महिने घरी.
काम काय, मी विचारलं नाही.
सासऱ्यांना कुणी विचारलं तर म्हणत,
"हॉटेल लायनीत आसा."
ते स्वतः जन्मभर माडावर चढले,
कमरेला कोयती, पाठीला दुधी,
पहाटेची माडी गावाला पाजली,
पण मुलगा बाटली ओततो
हे सांगताना त्यांची जीभ अडायची.

आज मीच म्हटलं, दाखवा एकदा.

भांडं तांब्याचंच लागतं म्हणे.
तिथले कप प्रवासी बॅगेत घालून न्यायचे,
जेवढे कमी भरत तेवढे ह्यांच्या पगारातून कापत.
मी फळीवरची दोन फुलपात्रं काढली,
आमसुलाच्या चोथ्याने घासली,
तशी हिरव्याखालून अक्षरं वर आली:
'चि. सौ. कां. हेमांगी हिस मामाकडून, ७-५-९६'.
"ही आता कोण पळवन नेतलो?"
असं म्हणून हे कितीतरी वेळ
त्या तारखेवर अंगठा फिरवत राहिले.

बर्फ काठापर्यंत.
कागदी लिंबाची अर्धी फोड, पिळून तीच आत.
मग वोडका, मालवणातल्या दुकानातली, बिलासकट.
मोजायला तन्वीच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण;
तन्वी आता पुण्यात, टोपण अजून डब्यात.
"तीनाक एक," हे म्हणाले.
"तीन वाटे आल्याचे, एक वाटो हिचो.
जास्त झाली काय चव मरता."
मी मनात नवाला तिनाने भागलं
आणि लिंबाच्या बिया वेचत बसले.

ओतताना ह्यांचा हात पालटला.
बाजाराची पिशवी धरणारा,
फ्यूज बसवताना कापणारा हा हात नव्हे.
मनगट वर गेलं, धार लांब झाली,
ओट्यावर एक थेंब नाही.
पाठ ताठ, मान किंचित झुकलेली,
बघत होते माझ्याकडेच,
पण मी जशी कुणी लांबची बाई,
आजच बोटीवर चढलेली, उद्या उतरून जाणारी.
मी उगाच पदर सारखा केला.

छातीवर नावाची पट्टी असायची, ह्यांनी सांगितलं.
दशरथ कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून डॅश.
दोन थेंबांनाही तिथे डॅशच म्हणतात,
त्यावर रोज कुणी ना कुणी हसायचं,
हेही हसायचे, रोज नव्याने.
मी हे नाव घेतलं ते वरातीच्या रात्री,
उखाण्यात, दारात अडवलं म्हणून.
पुढे कधी वेळच आली नाही.

फुलपात्राला घाम सुटला.
पहिला घोट: आलं घशात चरचरलं,
मग लिंबू, मग कानामागे काहीतरी ऊन,
आणि सगळ्यात शेवटी, लांबून...
"सुरमय लागता," मी म्हटलं.
ह्यांनी चाखलं. तोंड वाकडं केलं. परत चाखलं.
"लागता खरी."

मी उठून मिठाच्या बरणीत बोटं घातली,
दोन्ही भांड्यांवर झटकली.
"किती घातलंस?"
"डॅश," मी म्हटलं.

ह्यांनी ओ दिली.