नेटवर्क कोण सांभाळणार

दत्तवाडीच्या अभ्यासिकेला द्यायचे एकोणतीस लॅपटॉप,
कुठल्याशा बँकेने मोडीत काढलेले,
पाठीवर अजून मालमत्ता क्रमांकाचे स्टिकर.
लिनक्स चढवून झालं, मराठी कळफलक बसला,
यादीत एकच ओळ कोरी होती:
नेटवर्क कोण सांभाळणार?

तीन रविवार भांडलो त्या ओळीवर.
निरंजन म्हणाला, नेटवर्कमॅनेजर, सगळीकडे तोच असतो.
मी म्हणालो, सगळीकडे धूळही असते.
मला कॉनमॅन हवा होता, अंगाने बारीक,
दोन जीबीच्या म्हाताऱ्या यंत्राला न दमवणारा.
इरफान बागवान तळाचे स्क्रू काढत होता.
मान वर न करता म्हणाला,
"पोरं काय विचारणार, वायफाय कशानं लागलं,
का लागलं का?"

मी स्वतः गेली वीस वर्षं
ती फाइल हातानेच लिहितो:
नाव, पासवर्ड, कंस उघडला, कंस मिटला.
काहींना सायकलची चेन उतरवून
रॉकेलात धुवायला आवडतं, तसंच हे.
पण माझ्या चेनचं रॉकेल
एकोणतीस जणांच्या हाताला का लागावं,
हे मला कोणी विचारलं नाही,
मीही नाही.
डीफॉल्ट म्हणजे जो निवडायला बसणारच नाही
त्याच्या वतीने आधीच ठोकलेली सही.

मग गुरुवार आला.
देखभालीसाठी वीज बंद, पुण्यात हा वारच तसा.
राउटर गेला, पंखा गेला,
चाचणीचे दोन लॅपटॉप तेवढे बॅटरीवर जागे,
एकावर निरंजनची निवड, एकावर माझी.
प्रणोती ओव्हाळचा वनरक्षकाचा फॉर्म अर्धा भरलेला,
शेवटची तारीख तीच.
तिने फोनची वायर माझ्या लॅपटॉपला लावली.
माझ्या यंत्राने फोन पाहिला, ओळखला,
आणि निमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखा
दारातच उभा ठेवला.
परवानगी द्यायला एक कमांड लागते,
ती मला पाठ आहे. मी बोलणारच होतो.

"हा बंद आहे का?" ती म्हणाली,
आणि उत्तराची वाट न बघता
वायर काढून शेजारच्याला लावली.
कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं. लागलं.
तिला ते दिसलंही नाही,
ती जातीच्या दाखल्याचा नंबर टाइप करत होती.

बंद नव्हता.
बरोबर होता.

कोरी ओळ मीच भरली. निरंजन काही बोलला नाही,
त्याबद्दल त्याला एक चहा लागू.
कॉनमॅन दुसऱ्या पानावर ठेवलाय,
कोणी शोधत आलंच तर.

रात्री बिबवेवाडीला, घरी,
माझी फाइल उघडली.
कंस मोजले. जुळले.
एक रिकामी जागा पुसली,
पुन्हा होती तिथे ठेवली.