दुखण्याची पुडी

सावद्यात पहाटे पाचला शटर अर्धंच वर करतो मी.
कटाईच्या गाड्या साडेपाचला निघतात,
तोवर दुकान दुखण्याचं असतं.
बाळाचं दूध, खोकला, शुगरच्या पट्ट्या
हे सगळं उन्हं आल्यावर.

"भो, दोन दे. एक आताची, एक रातची."
कागदाच्या चौकोनात एक लाल, एक पिवळी
आणि एक पांढरी, तिळाएवढी.
वर नाव नाही, तारीख नाही.
दहाच्या नोटेला केळीचा चीक,
कपड्यावरून जात नाही, हातावरून जात नाही,
गल्ल्यात नोटा एकमेकींना धरून बसतात.

भिंतीवर फ्रेम आहे. फार्मसीची पदवी, लाल शिक्का.
ती ज्याची, तो पुण्यात राहतो,
वर्षातून एकदा तिचं भाडं न्यायला येतो.
मी बारावी नापास.
तरी सगळे डाक्टर म्हणतात,
आणि ओ द्यायला मी कधी चुकलो नाही.

लुकमान तडवी पालकडचा.
बापानं हकिमाचं नाव ठेवलेलं.
खांद्यावर गादी, गादीवर घड,
चिखलातून, बांधावरून, गाडीपर्यंत.
दिवसाच्या खेपा त्याला आठवायच्या नाहीत,
पाठीला आठवायच्या.
पहिल्याच आठवड्यात म्हणाला,
"जादू हाय भो तुह्या पुडीत. घड कापसाचा होतो."
मी हसलो. जादू तिळाएवढीत होती.

दुसऱ्या वर्षी त्याचे गाल भरले.
चेहरा गोल, तुकतुकीत.
बाजारात लोक म्हणाले, सावद्याचं पाणी मानवलं याला.
जैतूनही खूश, लग्नात काटकुळा होता म्हणे.
मला माहीत होतं ते भरणं कसलं.
खोक्यातल्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात असतं सगळं,
घडी अशी की एकदा मोडली की पुन्हा बसत नाही.
मी मोडून वाचली होती.
बसली नाही, तेव्हा चुरगाळून टाकली.

मग पाय सुजले.
मग लघवीला फेस.
मग उपाशीपोटी काळा चहा, वर पुडी,
तरी घड घडाच्याच वजनाचा.
"तीन देत जाय," म्हणाला.
मी दिल्या.

जळगावच्या सिव्हिलमधनं एक आकडा लिहून मिळाला,
तो कागद घेऊन आधी माझ्याकडेच आला.
"डाक्टर, नऊ म्हंजे चांगलंच ना?
शाळेत दहातले नऊ मले कधी भेटले नाही."

जैतून परवा आली, भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना.
पदराची गाठ सोडून सात पुड्या काउंटरवर मांडल्या.
"ह्या राहून गेल्या. पैसे देशीन का परत?"
तिच्या डोक्यावर बरोबर पाटी होती,
विकलेले औषध परत घेतले जाणार नाही.
तिला वाचता येत नाही.
गल्ल्यातून नाही, खिशातून सत्तर काढले.
तिनं मोजले, ओठ हलवत, दोनदा.
शिवी घातली असती तर मला बसायला तरी आलं असतं.
म्हणाली, "तू व्हता म्हनून इतके दिवस चालला तो."

रात्री शटर पाडून एक पुडी उघडली.
बारा तास उभं राहून गुडघे माझेही बोलतात.
ट्यूबलाइटखाली तिघींना हाका मारल्या,
पूर्ण नावांनी, कंपनीसकट, मोठ्यानं.
हजेरीला कुणी ओ दिली नाही.
खाल्ली नाही. फेकलीही नाही.
सातही ड्रॉवरमध्ये आहेत.

आज पहाटे शटर अर्धं.
एक नवं पोरगं, मिसरूड फुटतंय,
खांद्यावर गादी कोरी, अजून चीक न लागलेली.
"दोन दे भो."
"किती दिवसांपासून दुखतं?"
"काय?"
अकरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं,
तोंडात नीट बसलं नाही.
पुन्हा विचारलं.
मागून कुणी ओरडलं, ए, गाडी लागली!
पोरगं नोट पुढं धरून उभं,
आणि ड्रॉवर माझ्या पोटाला टेकून
बंद.