बाण

व्हॉल्व्हच्या पोटावर एक बाण असतो.
रंगवलेला नव्हे, ओतीव,
लोखंडासोबतच जन्मलेला.
डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतो.
पाणी कुठून कुठे जाणार
एवढंच बोलतो, आयुष्यभर.

शिरोलीच्या फाउंड्रीत माझे वडील
असे बाण सागवानात कोरायचे, साच्यासाठी.
उलटा कोरला तर? मी विचारलं होतं.
पाणी थांबेल, म्हणाले,
आणि माणसं धावतील.

दुक्मला, लाइन एकशेसतरावर,
चोवीस इंची चेक व्हॉल्व्हचा बाण
पंपाकडे तोंड करून होता.
मी लिहिलं.
लाल शिक्क्याचं पत्रक, फोटोसकट, तीन प्रती.
मस्कतहून उत्तर: ड्रॉइंगची चौथी आवृत्ती पाहा.
चौथीत व्हॉल्व्ह सुलटा होता.
पुन्हा लिहिलं.
आता पाचवी पाहा.
पाचवीत व्हॉल्व्हच नव्हता.

तेवढ्यात मॅनेजर बदलले.
जुने गेले, भिंतीवर त्यांचा तक्ता राहिला:
प्रगती चौऱ्याण्णव टक्के.
नव्यांनी तो शहाण्णव केला
आणि स्वतःचा एसी दुरुस्त करून घेतला.
दर रविवारी मीटिंग, स्क्रीनवर पाच शहरं,
त्यातल्या एकाचीही हनुवटी
हेल्मेटच्या पट्ट्याने सोललेली नाही.
व्हॉल्व्ह किरकोळ यादीत टाका, म्हणाले.
मी टाकला.
इथेच सांगून ठेवतो: सही माझी आहे.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो आपण.
मीही म्हणायचो, दिवसातून दहादा.
मग रस्त्यापलीकडचा सालेम पाहिला.
साठीचा, अनवाणी, अकरा उंट,
आणि हा चालतो सगळ्यांच्या पुढे, तापल्या वाळूत,
एकेकाला नावाने हाक मारत.
म्हण परत घेतली.
उंटांचा काही दोष नाही.

टेकबहादूर फिटर म्हणाला,
एक रात्र आणि एक क्रेन द्या साहेब,
बोल्ट काढतो, फिरवतो, बसवतो.
परमिट मागितलं.
परमिटसाठी लाइन बंद केल्याचं पत्र हवं,
पत्रासाठी ती चालू असल्याचा दाखला.
ती तर अजून चालूच झाली नव्हती.

परमिटऐवजी रंगारी आले.
पाहुणे येणार, म्हणून सगळं हिरवं.
ओतीव बाणावर रंगाचे तीन हात
आणि वर स्टेन्सिलने नवा पांढरा बाण,
सुबक, बरोबर दिशेला.
फोटो काढला. यादीतली माझी नोंद खोडली.

उद्घाटनाच्या सकाळी
पंप सुरू झाला. काटा चढला.
नऊ. अकरा. चौदा.
पाण्याने पांढरा बाण वाचला नाही.
सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला,
त्या दिवशी तो एकटाच कामावर होता,
आणि फीत, गालिचा, खजुराची ताटं,
मंत्रालयातून आलेले बूट, सगळं भिजवत
गोडं पाणी निघालं वाळूकडे.

गर्दी पांगल्यावर उंट आले.
रांगेत, घाई न करता.
माना खाली घालून प्यायले.
सालेम माझ्याकडे बघून काही बोलला.
माझं अरबी तोकडं.
कुंजुमोन फोरमनने सांगितलं,
विचारतोय, उद्यापण आहे का?

अहवाल त्रेचाळीस पानी.
कारण: प्राण्यांचा अनिर्बंध वावर.
उपाय: कुंपण, साडेतीन किलोमीटर,
तातडीने, वाढीव खर्चासह.
त्याचं ड्रॉइंग मात्र पहिल्याच आवृत्तीत मंजूर.

काल रात्री टॉर्च न घेता लाइनीवर गेलो.
खोलीच्या किल्लीने रंग खरवडला,
नखाएवढा, मग बोटाएवढा.
टोक लागलं.
अजून पंपाकडेच.
किल्ली वाकली.
कॅम्प बॉसला काय सांगायचं, ते ठरवत परत येताना
कुंपणाचा पहिला खांब दिसला,
नुकताच रोवलेला,
तिरका.