कितवीत?

शुक्रवारी रात्री बारापर्यंत पंधरा टक्के सूट.
टेबलावर चाचणीचा कागद,
त्याच्या कोपऱ्यावर कुट्टूच्या पिठाचा माझा पिवळा अंगठा,
आणि समोर, खुर्चीत उशी घालून उंच केलेला रेमी.
वय सहा वर्षं दोन महिने.
एक दात हलतो.

गावातली शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली.
बसने जायचं तर जाऊन-येऊन अडीच तास,
हिवाळ्यात दोन्ही वेळा अंधारात.
नदीच्या अलीकडे आपलं मेन, पलीकडे कॅनडा,
मध्ये आम्ही, बटाटे, आणि हे टेबल.

सूचना म्हणते, मुलाला मदत करू नये.
वीस शब्द. पाच चुकले तर थांबावं,
खालची पातळी घ्यावी.
तो वीसच्या वीस वाचतो. मग पानाच्या तळाशी
छापखान्याचा पत्ता वाचतो,
मग हीटरवर चिकटवलेली ताकीद,
'ज्वलनशील'सुद्धा, न अडखळता.
मग विचारतो, म्हणजे काय?

गणिताच्या पानावर मात्र
सतरा मोठे की एकाहत्तर,
यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघतो.
पाचचं पोट भलत्या बाजूला काढतो.
पेन्सिल अशी धरतो
जशी ओल्या मातीतून वेल उपटायची आहे.
आणि हाच काल शेडमध्ये,
जिल म्हणाला चाळीस पिंपं, तर म्हणाला,
एकोणचाळीस. एकाचा तळ गेलाय.

मग कितवी?
वाचायला तिसरी, मोजायला पहिली,
लिहायला बालवाडी,
रुसायला चौथी तरी.
कंपनीला फोन केला. बाई गोड होत्या.
संच फोडून देत नाही, म्हणाल्या,
मधलं घ्या ना, दुसरी. बहुतेक आया तेच घेतात.

मी सात वर्षांची असताना
मिसेस हॅस्कलनी वाचनाचे तीन गट केले होते.
ससाणे, चिमण्या, आणि बदकं.
आमच्या घरी फ्रेंच,
तीन म्हणायला गेले की माझ्या तोंडून झाड यायचं.
सबंध वर्ष मी बदक होते.
वाचता येत होतं. विचारलं नाही कुणी.

म्हणून माझं पेन परत परत
तिसरीच्या चौकोनावर जातं, कळतं मला.
पोराच्या नावावर आईची जुनी उधारी.

जिल हात पुसत आला.
बूट कसे घेतेस त्याला?
एक नंबर मोठे. पुढे वर्तमानपत्र कोंबून.
मग?
मग पडतो. पण जिल, त्याचे पाय तरी
दोन्ही एका मापाचे आहेत.
यावर तो काही बोलला नाही.
कॉफी ओतली, आधी मला.

पावणेबाराला पहिलीवर खूण केली.
त्या संचातली वाचनाची पुस्तकं
सोलांजच्या धाकटीला देऊन टाकेन,
आणि ह्याला लायब्ररीतून आणू, पोत्याने.
चुकलेही असेन.
सप्टेंबरात काढणी. तीन आठवडे
इथल्या सगळ्या शाळा बंद, आमचीही.
तेव्हा मातीत बसून पुन्हा बघू
सतरा मोठे की एकाहत्तर.
शेवटचं बटण दाबलं तेव्हा
वर त्याच्या खोलीत पलंग करकरला,
आणि मला उगाच वाटलं, ऐकलं त्याने.

शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात
मादाम सीर काउंटरवरून वाकल्या.
काय राजे, कितवीत आपण?
माझा घसा कोरडा.
रेमीने जिभेने दात पुढे ढकलला, मागे घेतला,
नीट विचार केला.
थांबा, म्हणाला, हा पडला की सांगतो.
आणि उंदराच्या औषधाच्या डब्यावरची
बारीक अक्षरं
सगळ्या दुकानाला ऐकू जातील अशी वाचू लागला.