शेकोटीभोवतीची भिंत

स्टोव्ह बसवणारी माणसं मंगळवारीच गेली,
धुराड्यात पोलादी नळी सोडून, माझी सही घेऊन,
चहाचे कप खिडकीत ठेवून.
मागे उरली ती भिंत.
विटांचे दात विचकलेले,
कडेनं जुना वॉलपेपर लोंबतोय, चार थरांचा,
सगळ्यात आतल्या थरावर निळी फुलं.
कुणी निवडली होती? मला ती आठवतच नाहीत.

शेजारचा इद्रिस डोकावून म्हणाला,
"खाली पाटीचाच दगड बसव, हेउल्वेन,
डोंगरभर पडलाय. फुकट."
पडलाय खरा.
आमच्या गावावर दगडाचे ढिगारे वाकून बघतात,
पावसात जांभळे होतात.
छपरं त्याची, कुंपणं त्याची, थडगी त्याची.
कुठकुठल्या देशांतली पोरं
याच डोंगराच्या पाटीवर पहिलं अक्षर गिरवून,
थुंकीनं पुसून, मोठी झाली असतील.

मधल्या खोलीतून बाबा म्हणाले, "नको."
मग खोकला.
जिना चढावा तसा, पायरी पायरीनं,
आणि वर पोचल्यावर दम.
"एकतीस वर्षं त्या धुळीनं
मला आतून गिलावा केलाय.
घरात नको."

दुकानात पाटीसारख्या दिसणाऱ्या फरशा होत्या,
चिनीमातीच्या, वर राखाडी रंग छापलेला.
नमुना आणला. बाबांनी नखानं टिचकी मारली,
कान देऊन ऐकलं,
आणि कितीतरी दिवसांनी हसले.
"हिला खोकला येणार नाही. पण हिला
काहीच येणार नाही."
शेवटी लाल विटा घेतल्या,
पाडलेल्या शाळेच्या, मोजून बेचाळीस.
एक फुटकी निघाली. ती मागच्या कोपऱ्यात,
जिथे सरपणाची टोपली ठेवायची आहे.

मग चुना. वाळू. बकरीचे केस,
पिंजून पिंजून मिसळायचे, गाठ राहता कामा नये.
बाबांची खुर्ची दारापर्यंत सरकली.
"पाणी मारलंस का? तहानलेली भिंत
चुन्यातलं पाणी पिऊन टाकते, मग तडकते."
मारलं.
"अजून मार."
थापीनं फेकायचं, गुरमाळ्यानं फिरवायचं,
मनगट दुखायला लागलं की समजायचं
आता कुठे हात बसतोय.
तुळईपासूनचं अंतर मी तीनदा मोजलं,
लाकूड तापायला नको म्हणून.
डावी कड मात्र ओळंब्यात नाही.
बोटभर बाहेर आलीय.
इद्रिसला दिसली नाही.
बाबांना दिसली. बोलले नाहीत,
नुसते तिच्याकडे बघत बिस्कीट चहात बुडवत राहिले.

शुक्रवारी शेवटचा हात.
ओली भिंत, गुळगुळीत, राखाडी,
अगदी नुकत्या पुसलेल्या पाटीसारखी.
मी खिळा पुढे केला. "तारीख घाला."
ते उठले. भिंतीपाशी जाईपर्यंत
दोनदा थांबले.
खाली, विटांच्या वर वीतभर,
तीन उभ्या रेघा ओढल्या.
तारीख नाही. नाव नाही.
खाणीत पाट्या तीन-तीननं मोजत, मला माहीत आहे,
एक, दोन, तीन, म्हणजे एक हात पुरा.
"कशाचे तीन?"
"वाळू दे आधी," ते म्हणाले, "महिना तरी.
घाई केलीस तर सगळं सुटेल."

महिना झाला. वर चुन्याचे दोन पातळ हात दिले.
पहिला जाळ लहानच घातला,
भूर्जाच्या चार काटक्या, वर एक ओंडका.
दिवसा भिंत कोरी दिसते,
कुणी येतं, म्हणतं, छान झालीय.
कडेबद्दल कुणीच बोलत नाही.
रात्री ओंडका बसतो, उजेड खालून तिरपा येतो,
तेव्हा त्या तीन रेघा उठतात,
इतक्या बारीक की बोट फिरवावं लागतं.
मी फिरवते.
भिंत कोमट असते.
मधल्या खोलीत खोकला जिना चढत असतो.
मी पायऱ्या मोजते, तीन-तीननं.