आवृत्ती चार

तार्तूत मार्च, उणे सहा. खिडकीच्या कडेला कालचा बर्फ.
तीन आठवडे उद्यावर ढकललेलं ते बटण
उर्वे आज दाबते एकदाचं,
आणि पट्टी भरेस्तोवर कॉफी गाळते.

बदलांची यादी लग्नातल्या मानपानाच्या यादीसारखी,
कुणाला काय दिलं, कुणाचं नाव कापलं:

इंद्रधनुषी रंगपट्टी बाद.
(नसलेल्या कडा दाखवायची ती,
पिवळ्याच्या भपक्यात सपाटीचाही डोंगर व्हायचा.)
फुगीर, तिरपा वर्तुळालेख यापुढे मिळणार नाही. मागू नये.
अक्षाखाली नावांची दाटी झाली तर ती आपोआप कलतील,
एकमेकांच्या पायांवर पाय देणार नाहीत.
ठिपक्यावर बाण नेला की ठिपका आपला आकडा सांगेल.
आणि अगदी तळाशी,
आयव्हार नावाच्या कुणा बिनपगारी माणसानं
रात्री पावणेदोनला लिहिलेली एक ओळ:
नोंद नसेल तिथे रेघ आता जोडली जाणार नाही.

उर्वे ती ओळ वाचत नाही. तळापर्यंत कोण वाचतं.

ती पेइप्सी सरोवर उघडते.
एकेचाळीस हिवाळे, मुस्तवेचा किनारा,
बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये.
अकरा पिवळ्या सूचना खडसावून जातात:
हे फंक्शन पुढच्या खेपेला नसेल, हेही नसेल, सवय मोडा.
मग आलेख उमटतो,
दात पडलेला.

सहा वर्षं जी रेघ अहवालाच्या मुखपृष्ठावर
नोव्हेंबरात चढून एप्रिलात अलगद उतरायची
ती जागोजाग तुटलेली. एका फेब्रुवारीत तर
सलग तीन सोमवार नुसता पांढरा कागद.

शाळेतच शिकवलेलं असतं:
गाळलेल्या जागा भरा. एक गुण.
यंत्रालाही कुणीतरी तेच शिकवलं होतं,
या टोकाला पट्टी धर, त्या टोकापर्यंत ओढ,
मध्ये काय होतं ते विचारू नकोस.

जुनं वागणं परत आणता येतं. एक शब्द बदलायचा,
नाहीच्या जागी हो. तिचं बोट त्या शब्दावर
आणि दुसऱ्या हातात फोन.

येफिम उचलतो. वय चौऱ्याऐंशी,
पाठीशी चूल, चुलीवर टांगलेल्या कांद्याच्या वेण्या.
तिची रशियन मोडकी, त्याची एस्टोनियन त्याहून.
दर सोमवारी बर्फाला भोक पाडून
लाकडी पट्टी आत सोडणारा तोच.

'ते तीन सोमवार? आजारी होतात का?'
'छे. गेलो होतो की.
पट्टी घातली, काढली. दुसरीकडे भोक पाडलं.
मग तिसरीकडे.
ऐन फेब्रुवारीत एवढासा बर्फ?
म्हटलं पट्टीच वाकडी, नाहीतर मी.
मासेमारांना ओरडून सांगितलं, गाड्या मागे फिरवा.
वहीला नाही सांगितलं.'

किती होता, ती विचारते.
फोनवर बराच वेळ नुसती चूल ऐकू येते.

'आठवतंय. पण आठवणीतला आकडा
वहीत घालायचा नसतो, पोरी. जागा मोकळी ठेव.'

उर्वे बोट काढते.
म्हणजे सहा वर्षं, त्या गुळगुळीत कागदावर
रेघ सगळ्यात निर्धास्त चालली होती ती नेमकी तिथे,
जिथे पाऊल टाकू नये म्हणून
एक माणूस किनाऱ्यावर ओरडत उभा होता.

कॉफी गार. दहा सूचना अजून बाकी.
आयव्हारला दोन ओळी लिहाव्यात असं तिला वाटतं,
लिहिते, खोडते, नुसतं 'पोचलं' एवढंच धाडते.
त्याला काय कळणार.

दुपारी विभागप्रमुख तार्मो दारातून डोकावतात.
'हे काय, तुटलं का?'
'नवी आवृत्ती,' ती म्हणते,
'सवय होईल.'

आलेखाखाली, दाटीत,
मुस्तवेचं नाव जरासं कललेलं.